नाहीचं बहुमत

५ फेब्रुवारी, सकाळी
नवा संकल्प. आजपासून घरी संतापायचं नाही. संताप सभागृहासाठी राखून ठेवायचा. घरी तो फुकट जातो. मी तावातावाने बोलत असतो आणि बायको टॉवेलांच्या घड्या घालत असते.

दुपारी
चिठ्ठी निघाली! आमदारांच्या खासगी ठरावांसाठी चिठ्ठ्या काढतात, त्यात माझं नाव पहिलं. बारा वर्षं विरोधी बाकांवर घासली, तेव्हा कुठे हा योग. ठराव असा : आमच्या गावच्या तांब्याच्या खाणीपासून बंदरापर्यंत रेल्वे टाकावी. आज माल ट्रकने जातो, आणि बंदरात पोचेपर्यंत तांबं सोन्याच्या भावात पडतं. मग परदेशी गिऱ्हाईक दुसरा दुकानदार बघतं. खाण कंपनीने सांगून टाकलंय, या अधिवेशनात रेल्वेचा निर्णय झाला नाही तर टाळं.

धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. तिचा नवरा, आमचे दाजी, खाणीत ड्रिलिंग मशीनवर. लगेच तिचा फोन. म्हणाली, दादा, सगळं गाव तुझ्या तोंडाकडे बघतंय. म्हटलं, बघू दे. बघण्यासारखंच आहे.

७ फेब्रुवारी
रेल्वेचा तज्ज्ञांनी लिहिलेला अहवाल वाचायला घेतला. नकाशापर्यंत पोचलो. नकाशा उलगडला तो परत मिटेना. ज्यांना साधा कागद धड दुमडता येत नाही, ते डोंगरात बोगदे खणणार! अहवाल उद्या.

८ फेब्रुवारी
अहवाल राहिला. डोळे चुरचुरत होते. तसंही भाषणाला अहवाल लागत नाही, आवाज लागतो, आणि माझ्यासारखा आवाज दोन्ही बाजूंना मिळून कुणाला नाही. पक्षातले मला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतात. जळतात मेले.

१० फेब्रुवारी
कॉरिडॉरमध्ये परिवहनमंत्री भेटला, रेल्वेचा विषय याच्याकडेच. याला मंत्री म्हणायचं तर शेतातल्या बुजगावण्याने काय घोडं मारलंय? दात दाखवत म्हणाला, तुमचा ठराव मी सहानुभूतीने वाचतोय. सहानुभूतीने! सरकारी सहानुभूती म्हणजे इस्त्री केलेला नकार. मी काय आज ओळखतो यांना?

तेव्हा स्ट्रॅटेजी पक्की. ठराव मांडण्याचं भाषण छोटं. खरं भाषण, मंत्र्याने नकार दिल्यावरचं. त्याचे तीन ड्राफ्ट झाले. ‘या नकाराने तुम्ही हजार चुली विझवल्यात’ हे वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आणि तो हो म्हणाला तर? हिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही.

१२ फेब्रुवारी
खासगी ठराव शुक्रवारी जेवणानंतर येतात. त्या वेळी सत्ताधारी कँटीनमध्ये ढेकर देत असतात आणि आमचे वीर गावाकडच्या गाड्या पकडतात. माझं ऐतिहासिक भाषण काय रिकाम्या बाकांना ऐकवू? आमच्या एकेका आमदाराला गाठलं. टीव्हीवर थेट प्रक्षेपण आहे म्हटल्यावर सगळे थांबायला तयार! असली ही माणसं. आरशासमोर कॅमेरा ठेवला तर आरशालाही नमस्कार करतील.

कुणी काय करायचं ते समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे मतदान आवाजी. अध्यक्ष विचारतात, सरकारी बाक ‘होय’ म्हणतात, मग मी ‘नाही’ म्हणतो, माझ्यामागे आमचे सगळे ‘नाही’ म्हणतात, होयचं बहुमत होतं आणि सगळे चहाला जातात. बारा वर्षं हेच. त्यातल्या निम्म्यांना तर समोर काय चाललंय हे माझा ‘नाही’ ऐकूनच समजतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी
नवा शर्ट. बहिणीचा फोन. खाणीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावलाय, पाळीवरची माणसं धुळीच्या कपड्यांत थेट तिकडेच येणार. दाजींनी सांगितलंय, दादांना एवढं विचार, की रेल्वे होईल ना? म्हटलं, सांग त्यांना, मी आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अध्यक्ष पुटपुटतात. हे आधी लिहून ठेवतो. मायक्रोफोन सिस्टीम भंगार आहे, हेही.

छोटं भाषण झकास झालं. आमचे बाक खचाखच. समोर मंत्री आणि चारदोन झोपाळू. मंत्री उत्तराला उठला, मी खाली मान घालून मोठ्या भाषणाला शेवटचा हात फिरवायला घेतला. त्याचं बोलणं काय ऐकायचं? चुली ‘विझवल्यात’ बरं की ‘विझवता आहात’ या विचारात होतो. कानावर अध्यक्षांचं नेहमीचं आलं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. समोरून चारदोन किरकिरे होय. प्रतिकूल असतील त्यांनी...

बारा वर्षांची सवय. बेंबीच्या देठापासून ‘नाही!’ माझ्यामागे आमचे झाडून सगळे, ‘नाही!’ छत हललं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं. मी आणखी जोरात ‘नाही!’ म्हणालो. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि जाहीर केलं, नाहीचं बहुमत आहे, ठराव फेटाळला. मी बाक बडवला. सगळ्यांनी बडवला. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही जिंकलो होतो!

माझ्या शेजारी एक दातांचा डॉक्टर बसतो. लोकांची तोंडं उघडतो, पण सभागृहात स्वतःचं कधी उघडत नाही. त्याने ते आज उघडलं. हळूच म्हणाला, मंत्री तर ठराव मान्य आहे म्हणत होते, तुम्हाला रेल्वे नको होती का?

जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही. बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती, म्हणून जास्तच राग आला.

१५ फेब्रुवारी
विधिमंडळाच्या सचिवांकडे गेलो. म्हटलं, तांत्रिक चूक, दुरुस्त करा. नियमांचं पुस्तक उघडून म्हणाला, सभागृहाने फेटाळलेला विषय वर्षभर पुन्हा आणता येत नाही. म्हटलं, मंत्र्याने मनात आणलं तर तो ठरावाशिवायही रेल्वे मंजूर करू शकेल. मंत्र्याकडे गेलो. तो म्हणाला, विरोधकांचा एवढा कडवा विरोध असताना सरकार लोकभावना कशी डावलणार? दात तसेच दाखवत. लबाड. यानेच डाव टाकला. ऐनवेळी हो म्हणणं हा विश्वासघात नाही तर काय?

१७ फेब्रुवारी
पेपरात पहिल्या पानावर फोटो! ‘सभागृहात सरकारचा पराभव.’ मी तोंड उघडलेला, मूठ वर. फोटो चांगला आलाय. पक्षाच्या साहेबांनी बोलावून पाठ थोपटली, उपनेतेपद दिलं. साहेबांना ठराव कशाचा होता ते माहीत नव्हतं. मीही विषय वाढवला नाही.

शांतपणे विचार करता वाटतं, आतून मला ही रेल्वे पटलेलीच नव्हती. घाईची होती. आणखी अभ्यास हवा होता. माझ्या अंतर्मनाने ते ओळखलं आणि ‘नाही’ म्हटलं. मोठ्या नेत्यांचं असंच होतं.

२१ फेब्रुवारी
बहीण फोन उचलत नाही. गावात टॉवर धड नाहीत. सरकारचं पाप.

२५ फेब्रुवारी
अजून उचलत नाही. कंपनीने खाण बंद केल्याची बातमी आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली. ठरलं. स्वतः जाणार. गावात सभा घेणार, लोकांना समजावणार, की खरा गुन्हेगार कोण. हजार चुलींचं भाषण वाया गेलं नाही म्हणायचं.

२ मार्च
गावात पोचलो. बसस्टँडवर ही तोबा गर्दी! मनात म्हटलं, शेवटी माणसं विसरत नाहीत. गाडीतून उतरून हात वर केला. कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या पायाशी गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, कुणाचा टेबलफॅन. परगावी कामाला निघालेली माणसं.

बहीण भेटली. बॅगेची चेन लागत नव्हती, तर म्हणाली, दादा, जरा दाबून धर. धरली. दाजींनी विचारलं, प्रवास बरा झाला ना? मी त्यांना मंत्र्याचा डाव समजावून सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, आम्ही हॉलमध्ये बघत होतो. तुमचा आवाज आला तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपला माणूस काय कडकडीत बोलतोय म्हणून. मग कुणाला तरी कळलं, नि त्याने टीव्ही बंद केला.

एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं.

बस आली. बहिणीने खिडकीतून हात केला, तब्येतीला जप म्हणाली. पाठोपाठ दुसरी बस आली, तीही भरून गेली. मग स्टँडवर मी, माझा ड्रायव्हर आणि एक मोडकी खुर्ची.

साहेबांचा फोन आला. गावात रिस्पॉन्स कसा आहे म्हणाले. सांगितलं, साहेब, सगळं गाव स्टँडवर लोटलं होतं.

गाडीत बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय. रस्ताच तसा आहे, खड्डे नुसते. अर्थात गाडी अजून सुरू केलेली नाही.