गिअरचं तेल बघायची रीत

नातसूनबाई,

धाकटीच्या लग्नाच्या वर्षी ही ऑटोमॅटिक गाडी घरी आली. जन्मभर ट्रक हाकलेला मी, पण गिअरचं तेल इंजिन थंड असतानाच मोजपट्टीवर बघितलं, कमी दिसलं आणि उगाच लिटरभर ओतलं. तुझी आजेसासू म्हणाली, "अहो उस्ताद, इंजिन तापलेलं आणि चालू हवं!" नुसत्या वासावरून ती तेलाचं दुखणं सांगायची, गॅरेजवाले तोंडात बोट घालायचे.

आज तिच्याच रीतीने पट्टी पुसून पाहिली. तेल काळं पडलंय, करपट वास येतोय. घाटात गिअर दगा देईल, तेव्हा गाडी काढू नकोस. मी मेकॅनिकला आणायला गेलोय.

हे तिने तुला माझ्यापेक्षा छान शिकवलं असतं. तू या घरात येण्याआधी दोन महिने, नऊ मार्चला, ती वारली.