यूलिसचा कायदा

श्रूजबरी,
१८ फेब्रुवारी २००६

चि. यतीन यास,

अनेक आशीर्वाद. नेत्राला आणि तुला कॅलिफोर्नियाचं ऊन मानवत असेल. इथे अंगणात अजून बर्फ आहे. ड्राइव्हवे मीच साफ करते, हे आधीच सांगते. शेजारच्या प्रतिमाकाकूकडून कळून तू फोनवर ओरडायला नको.

तुझे बाबा गेल्यापासून मी कॉलेजात ग्रीक इतिहासाच्या क्लासला जाते. तू त्याला टाइमपास म्हणतोस. परवा मी वर्गात यूलिस या जुन्या ग्रीक नगरावरचा माझा पेपर वाचून दाखवला. अथेन्सच्या जवळ, समुद्रात केआ नावाचं बेट आहे. आपल्या तालुक्याहून लहान, पण त्यावर एके काळी चार नगरराज्यं होती आणि प्रत्येकाचा रुबाब वेगळा. त्यातलं यूलिस डोंगरावरचं. तिथे म्हणे कायदा होता, साठी उलटलेल्यांनी विष प्यायचं, म्हणजे बाकीच्यांना अन्न पुरेल. तेही डोक्यावर फुलं घालून, मेजवानी करून. एकदा अथेन्सच्या फौजेनं वेढा घातला, तेव्हा गावानं सर्वांत म्हाताऱ्यांना मारायचा ठराव केला. ते ऐकून शत्रूच वेढा उठवून निघून गेला. खरंखोटं ते लिहिणाऱ्यांना ठाऊक. वर्गातली पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

मला माझी साठी आठवली. ऑक्टोबरात तुम्ही हॉल घेतलात, नेत्रानं माझ्या अंबाड्यात फुलं माळली, साठ दिव्यांनी ओवाळलं. जेवणं झाली आणि तू माईक घेऊन म्हणालास, "आई आता इथलं घर सेल करून आमच्याकडे मूव्ह होतेय."

शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. यतीन, मलाही ते त्यांच्याबरोबरच कळलं. तू चारचौघांत तोंडघशी पडू नयेस म्हणून मीही टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून फोनवर हो हो करत आले. ही चूक माझी, ती मी कबूल करते. पण फार वाईट वाटलं होतं रे.

काल एजंट विक्रीची पाटी घेऊन आला. त्याला चहा पाजला आणि पाटीसकट परत पाठवलं. त्याचा तुला फोन येईलच. घर माझ्या नावावर आहे, माझ्याच नावावर राहील. मे महिन्यात मी एकटी केआला जाते आहे, तिकीट काढलं. रागावायचं तर खुशाल रागाव. माझा तुझ्यावर जीव आहे, तो इथूनही तेवढाच राहील.

आधी मला विचारलं असतंस, तर कदाचित आलेही असते. आता विचारलंस तरी येणार नाही.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीनं राहणारी
तुझी आई,
रत्ना