टेबलाखालची पांढरी डबी

मंगळवार, संध्याकाळ. महादेवपुरा.

मेघनाला दिवस गेलेत, हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. तरी आज मॅनेजरने तिला विचारलं, "तब्येत बरी आहे ना? हल्ली जागेवर कमी असतेस. वॉशरूमजवळचं टेबल देऊ का?"

तो तर आठवडाभर चेन्नईत होता. मग त्याला कसं कळलं?

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

जेवणानंतर वाकून पाहिलं, तर प्रत्येक टेबलाखाली एक पांढरी डबी चिकटवलेली. या नव्या इमारतीत दिवे आपोआप लागतात, काचा उन्हाप्रमाणे गडद होतात, आणि आम्ही त्यावर खूश होतो. देखभालीचं काम बघणाऱ्या मंजुनाथअण्णांना विचारलं. "एसीसाठी आहे, मॅडम. खुर्चीत माणूस आहे की नाही, एवढंच कळतं." एवढंच? म्हणजे कोण किती वेळा उठलं, हेही कळतच असणार.

मेघनाला डबी दाखवली. "हिने सांगितलं म्हणतेस?" ती शांतपणे म्हणाली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिला घेऊनच मॅनेजरकडे गेले. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने अगदी सहज स्क्रीन आमच्याकडे वळवली. मजल्याचा नकाशा, त्यात आमची टेबलं, आणि मेघनाचं लाल. "जो सारखा उठतो, त्याचं टेबल लाल होतं. ॲपच सुचवतं, त्याला वॉशरूमजवळ जागा द्या म्हणून."

गेटबाहेर चहा घेताना मेघना मला सॉरी म्हणाली. तेही कुजबुजत.