सहा फुटी माणूस

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

पोयनाड
१२ सप्टेंबर २०२५

सौ. काशीताई विहीणबाईंस,
कृष्णाबाई घरत हिचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही तिघी खुशाल आहोत. तेजस्वीचा खोकला गेला. गौरीला तुम्ही पाठवलेले नारळ अजून पुरतायत. व्याहीबुवांचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, वाडीत पाणी लावायला गडी आहे, तर त्याला काम करू द्या.

पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मी ओरडून बोलले तर शेजारची गोदू भिंतीला कान लावते. मोबाइलवर लिहिलं तर तुमच्या आधी तुमची नात वाचते. पोस्टकार्ड तर गाव वाचतं. म्हणून बंद पाकीट. डिंक दोनदा लावलाय. उघडल्यासारखं दिसलं तर मला जरूर कळवा.

विषय तसा काहीच नाही. हेमाली नवी गाडी घेते आहे. प्रज्योतची छोटी गाडी काढून टाकायची म्हणते. माझी काही हरकत नाही. तिची नोकरी आहे, कारखान्यात शंभर माणसं तिच्या शब्दावर हेल्मेट चढवतात, तिचा पैसा आहे. माझा प्रज्योत जाऊन चार वर्षं झाली, गाडी किती दिवस जपायची, हेही खरं.

पण तिची गाडी बघायची तऱ्हा मला बरी दिसत नाही. गेल्या रविवारी मला पेणच्या शोरूमला घेऊन गेली. लोक आधी रंग बघतात, ॲव्हरेज विचारतात. ही पुढे बसली, सीट कट्ट वाजेपर्यंत मागे सरकवली. मग उतरली आणि त्याच सीटच्या मागे जाऊन बसली. गुडघा आणि सीट यांच्यामध्ये मूठ घालून बघितली. म्हटलं, हे काय? तर म्हणे, पुढची सीट पार मागे नेल्यावर तेजूचे पाय मावले पाहिजेत. तेजस्वीने छताला काच असलेली गाडी मागितली, तर म्हणाली, काचेमुळे छत खाली येतं, डोकं लागतं.

कोणाचं डोकं, विहीणबाई? तेजस्वी नऊ वर्षांची. मी पाच फुटांना दोन बोटं कमी. तुमची लेक उंच आहे हे मी नाकारत नाही, बघायला आलो तेव्हाच दिसलं होतं. पण बाईला गाडीत अशी कितीशी जागा लागते? प्रज्योतच्या गाडीत इतकी वर्षं बसलीच की. कधी चकार शब्द काढला नाही.

परवा ती आंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. मी उचलला. शोरूमचा मुलगा होता. म्हणाला, "काकू, मॅडमना सांगा, त्या म्हणाल्या तशी गाडी आलीय. सहा फुटी माणूस एकदम आरामात बसेल."

सहा फुटी माणूस. माझा प्रज्योत साडेपाच फूट होता, तेही बूट घालून. आणि आपल्याकडे बाई 'माणूस' कोणाला म्हणते हे मी तुम्हाला सांगायला नको. 'माझा माणूस कामाला गेलाय', 'माझा माणूस घरी न्हाय', असंच आपण जन्मभर म्हणत आलो.

तुम्ही तिच्या आई आहात. मुली आईला सांगतात. काही कानावर असेल तर कळवा. मी तिच्या वाईटावर नाही आणि मला कसली भीतीही नाही. सहज विचारते आहे.

आपली विहीण,
कृष्णाबाई


पोयनाड
३० सप्टेंबर २०२५

सौ. काशीताईंस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तीन पानं सुपारीवर आणि एक ओळ माझ्या प्रश्नावर: 'तुम्हीच तिला विचारा.' म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर तुम्ही घाबरून पहिली एसटी धरून आला असता. मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली. पोराने खडू कुठे लपवलाय ते त्याच्या गप्प बसण्यावरून ओळखायचे.

आता पुढचं ऐका. घरी पार्सलं येतायत. एक तंबू आला. गॅसची बुटकी शेगडी आली. घडी होणाऱ्या खुर्च्या आल्या. हेमालीने तिच्या खोलीत भिंतीला नकाशा लावलाय, त्यात रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन करत खाली मालवणपर्यंत लाल पेनाने रेघ ओढलीय. हरिहरेश्वराला एकदा चला म्हटलं तर रजा नाही म्हणणारी ही बाई. तेजस्वीला विचारलं तर म्हणते, "आज्जी, आई बोलली, आपण गाडीतच झोपायचं." पुन्हा शोरूमला गेलो तेव्हा तर कहर झाला. मागच्या सीटा आडव्या पाडल्या, चपला काढल्या आणि तुमची लेक गाडीत सरळ आडवी झाली. पाय लांब करून, डोळे मिटून. शोरूमचा मुलगा लाजून बाजूला गेला. मी पदराने वारा घेत उभी होते. उठून म्हणते कशी, "हां, मावतं." कोण मावतं, ते काही बोलली नाही.

आणि आता माणूसही दिसला. सुजित नावाचा. तिच्याच कारखान्यात आहे. गाड्यांतलं कळतं म्हणून सल्ला द्यायला घरी आला. दारातून वाकून आत आला, त्यावरूनच मी काय ते समजले. मी चहा दिला आणि समोर बसले. गाव विचारलं, जमीन विचारली, आई-वडील विचारले. लग्न झालं का विचारलं, तर हेमालीकडे बघून हसला आणि म्हणाला, "न्हाय अजून, काकू." हसण्यासारखं काय होतं त्यात? दोघं तासभर स्टेअरिंग पुढे-मागे होतं का, मांडीला आधार मिळतो का, असलं बोलत होती. मांडीचा विषय सासूसमोर. मी बशा उचलण्याच्या निमित्ताने चारदा आत-बाहेर केलं.

काळूभावजींना बोलावून सांगितलं. त्यांचे ट्रेलर चालतात, माणसांची पारख आहे असं ते स्वतःच म्हणतात. ते म्हणाले, "वयनी, आता गाडी, मंग बिऱ्हाड. पोरगी पन नेनार ती. मी आत्ताच बोलून ठेवतो, तुमी मंग रडत बसू नका."

ताई, ते एक वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. गाडीत झोपून मालवणला जावं, मला काही नाही. पण मालवणहून ती दुसऱ्याच घरी गेली तर? तेजस्वी शिंकते ना, ती थेट प्रज्योतसारखी शिंकते, एकापाठोपाठ एक, आणि शेवटी नाक चोळते. ती दुपारी शाळेत असते तेव्हा या घरात फक्त फ्रिजचा आवाज असतो. तो आवाज मी सहन करते, कारण संध्याकाळी दोघी येणार हे मला माहीत असतं. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते.

गाडी पाडव्याला मिळणार आहे. जो कोणी आहे, तो त्या दिवशी चालवायला येणारच. काळूभावजी हजर राहणार आहेत. त्याला सगळ्यांसमोर विचारायचं असं आमचं ठरलंय. तुम्हीही या. नाही आलात तर मी समजून जाईन की तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात.

आपली,
कृष्णाबाई


पोयनाड
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

सौ. काशीताईंस,

हे पत्र पोस्टाने नाही, हेमालीच्याच हाती देते आहे. पाकीट डकवलेलं नाही. तिला वाटलं तर तिने वाटेत वाचावं.

तुम्ही आला नाहीत, ते बरंच केलंत.

काल सकाळी पेणला गेलो. गाडीवर लाल कापड होतं, पुठ्ठ्याची ही एवढी मोठी चावी होती. शोरूमच्या मुलाने आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि चावी थेट काळूभावजींच्या हातात दिली, कारण पुरुष तेवढे एकच होते. फोटो काढला. मी चाकांखाली लिंबं ठेवली, ओवाळलं, नारळ फोडला. माझं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. सुजित येईल, आत्ता येईल. तो काही आला नाही.

मग त्या मुलाने दार उघडून म्हटलं, "या सर, बसा." काळूभावजी ऐटीत आत चढले आणि विहीणबाई, ते दिसेनासेच झाले. सीट पार मागे होती. पाय खालच्या पेडलपर्यंत पोचेनात, हात लांबवले तरी स्टेअरिंगला नुसती बोटं लागत होती. डोकं तेवढं दिसत होतं. शोरूममधली एक मुलगी तोंडाला ओढणी लावून मागे वळली. भावजी तापले. सगळं शोरूम ऐकेल असे ओरडले, "ही शीट कोनासाठी मागं नेलीय? कुठं हाय तो सहा फुटी मानूस? बोलीव त्याला."

हेमाली शांतपणे म्हणाली, "काका, ती माझी सीट आहे. मीच पाच फूट अकरा इंच आहे. कामावरचे बूट घातले की सहा फूट."

"पन मानूस बोललीस ना तू?"

"मंग मी मानूस न्हाय काय?"

ती कधी अशी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. लग्न झाल्यापासून माझ्यासमोर ती पुस्तकासारखंच बोलते. काल तुमच्या चौलचं तोंड उघडलं.

भावजी दाराला धरून खाली उतरले. कोणाच्या तरी ट्रेलरचं टायर फुटल्याचं त्यांना अचानक आठवलं आणि ते निघून गेले. हेमाली चढली, बसली. तिची पाठ सीटला टेकली, मान ताठ राहिली आणि डोक्यावर चार बोटं जागा उरली. मी तिला आजवर गाडीत मान तिरकी करून बसलेलंच बघितलं होतं. ती तिची सवय आहे असं मला वाटायचं. तिच्या उजव्या गुडघ्यावर काळा डाग आहे, तो फरशी पुसून पडलाय असं मी समजत होते. तो स्टेअरिंगखाली घासून पडला होता, ताई. रोज वडखळला कारखान्यात जाऊन-येऊन. माझ्या घरात राहणारी बाई सहा फुटांची आहे आणि सहा फुटी कोण म्हणून मी गावभर शोधत होते.

तिथून पालीला दर्शनाला निघालो. तेजस्वी मागे पाय पसरून झोपली. नागोठणं गेल्यावर हेमालीने विचारलं, "आई, काका कोणाला शोधत होते?"

मी सगळं सांगितलं. फोन, सुजित, काळूभावजी, तुम्हाला लिहिलेली दोन्ही पत्रं. वाटलं, गाडी थांबवेल, रडेल, भांडेल. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती तशीच चालवत राहिली. वाकणच्या वळणाला गिअर बदलता बदलता म्हणाली, "कोणी नाही, आई. आत्ता तरी नाही. पण असता तर? तुम्ही काय केलं असतं?"

पाली आली, दर्शनाच्या रांगेत उभं राहिलो, प्रसाद घेतला. परत येताना आम्ही डिझेलबद्दल बोललो.

आज ती तुमच्याकडे भावाला ओवाळायला येते आहे. उद्या तिथूनच दोघी मालवणला निघतील, आठ दिवसांसाठी. मलाही चला म्हणाली. मी नको म्हटलं, तंबूत झोपायचं माझं वय नाही. खरं तर ती मनापासून बोलावते आहे की माझा संशय फिटावा म्हणून, हे मला कळेना. स्वभाव लगेच जात नाही. सुजितचीही मी चौकशी केली. त्याचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, तिकडे कुर्डूसला. म्हणून हसला होता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर काल रात्रभर नाही, पण आज भाकऱ्या करताना सापडलं. तोंडावर सांगायला जमणार नाही, म्हणून लिहिते.

असता, तर मी वाईट वागले असते. त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला घालूनपाडून बोलले असते. जेवण सोडलं असतं. तेजस्वीला पुढे करून रडले असते. काळूभावजींना घराच्या वाट्याचं बोलायला लावलं असतं. हे सगळं मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू?

आणि त्यानंतर ती गेलीच असती. सहा फुटांची बाई मी कुठवर धरून ठेवणार? ती गेली असती आणि परत या दारात पाय ठेवायला तिला काही नातं उरलं नसतं. सून म्हणून आली होती. ते नातं मीच माझ्या हाताने तोडून टाकलं असतं. माझी भीती ही होती, काशीताई, आणि ती खरी करायला मीच निघाले होते.

म्हणून आता सांगते. उद्या, परवा, कधीही कोणी आला, उंच असो की बुटका, तर तुम्ही तो चौलला परस्पर ठरवायचा नाही. हळद माझ्या दारात लागेल. मांडव माझ्या अंगणात पडेल. ओटी मी भरीन आणि तिची पाठवणी मी करीन, म्हणजे दिवाळीला, गौरीला, लेकीसारखी तिला इथे यावं लागेल. एका मुलीला दोन माहेरं असू नयेत असं कुठे लिहिलेलं मला तरी माहीत नाही. त्या दिवसापासून आपण विहिणी राहणार नाही. दोघीही मुलीकडच्या होऊ.

तोवर तुमची विहीण,
कृष्णाबाई