दोन आटे

ता. ३

ती. बाबांस, शि. सा. न.

जुना व्हॉल्व्ह आत्ताच निघाला. बॉनेट उघडंच आहे आणि हात काळे. कागदावर बोटं उमटली तर कुरकुर करू नका. फोन तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा दोष तुमच्या कानांचा.

आतला रबरी पडदा फाटला आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती हवा अडते. तिला वाट करून देणं एवढंच या व्हॉल्व्हचं काम. ते होत नव्हतं म्हणून गाडी घाटात आचके देत होती. कंपनीचा व्हॉल्व्ह आता मिळत नाही. मिस्त्रींनी बाहेरचे दोन आणून वर्तमानपत्रावर मांडले. एक चकचकीत, तो हवा फुस्स करून बाहेर सोडतो. दुसरा तीच हवा मागच्या पाइपात गुपचूप परत देतो. चकचकीत घेऊ नका, असं मिस्त्री म्हणाले. गाडीने ती हवा आधीच मोजलेली असते. ती बाहेर गेली तरी पेट्रोल तेवढंच पडतं आणि इंजिन गुदमरतं. घाटापलीकडे दिवस भरलेल्या बायका माझी वाट बघत असतात. मी गुपचूपवाला घेतला.

याच्या डोक्यावर स्प्रिंगचा स्क्रू आहे, तुमच्या बॉयलरच्या व्हॉल्व्हला असायचा तसा. पेटीतला माहितीचा कागद सोबत ठेवते, वाचत बसा.

काकूंकडे जाता ना? त्यांचे यजमान, तुमचे जोडीदार, बॉयलरच्या अपघातात गेले त्या वर्षापासून माझा प्रत्येक फ्रॉक काकूंनी शिवला. दवाखान्यातला एप्रनही त्यांचाच आहे. अजून एक टाका उसवलेला नाही, असं सांगा.

माझ्यावर लोभ आहेच. थोडा गाडीवरही असू द्या.

तुमची
टिटवी

ता. ७

चि. टिटवीस, अ. उ. आ.

गुपचूप घेतलास, बरं केलंस. आवाजाला तू एकटी पुरेशी होतीस. पाळण्यात असताना सगळी गल्ली जागवायचीस, म्हणून तर हे नाव पडलं.

त्या स्क्रूला हात लावू नकोस. मिस्त्रींनी ठेवला आहे तसा राहू दे. त्यावर रंगाचा एक ठिपका दे, म्हणजे फिरला तर कळेल. गाडी ओढत नाही असं वाटलं तरी लावू नकोस. कुणी आग्रह केला तरी लावू नकोस. का ते विचारू नकोस.

कागद तीनदा वाचला. दोन दिवस जेवण जात नाही. वयामुळे असेल.

काकूकडे गेलो नाही. चार घरं टाकून राहते, पण गेलो नाही.

लोभ आहे तेवढा पुरे. पत्रं मात्र वाढव.

बाबा

ता. ११

ती. बाबांस, शि. सा. न.

तुमचं पत्र परवा मिळालं. त्याच्या आदल्या दिवशीच मी स्क्रू आवळला होता.

चढावर गाडीचा जीव गेल्यासारखा झाला. हवा आतल्या आत निसटत असणार. मागे ट्रक, त्याचा हॉर्न, पुढे वळण. घरी आल्यावर पाना घेतला आणि दोन आटे आवळला. दुसऱ्या दिवशी गाडी अशी पळाली की मला हसू आलं, आणि तुमचं पत्र येऊनही मी स्क्रू तसाच ठेवला. मात्र पाय उचलला की बॉनेटखाली पंख फडफडल्यासारखं व्हायचं. हवेला वाट मिळत नसावी.

काल घाट उतरताना पाय उचलला, फडफड झाली, मग फट् झालं आणि इंजिन बंद पडलं. ब्रेक दोनदा लागला. इंजिन बंद असल्याने तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं घट्ट. मी सीटवरून उठून दोन्ही पाय रोवले आणि हँडब्रेक ओढला. कठड्याच्या अलीकडे थांबले, हातभर असेल. टर्बोचा पाइप क्लिपमधून निसटला होता. तो परत बसवला आणि तशीच पहिल्या गिअरमध्ये घरी आले.

मिस्त्री परगावी गेले आहेत. रविवारपर्यंत रजा घेतली आहे. सोमवारी सहाला निघावं लागेल, दुसरं कुणी नाही. स्क्रू सैल केला तर चढावर अडकेन, नाही केला तर उतारावर. मला गाडीची भीती वाटते, आणि तुमच्या पत्राचीही. का विचारू नकोस, असं तुम्ही कधी लिहीत नाही.

लोभ असेल तर या वेळी कारण लिहा.

टिटवी

ता. १४, रविवार

चि. टिटवीस, अ. उ. आ.

संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे हे देतो आहे. तू हे वाचताना समोर बसायचं धैर्य नाही, म्हणून मी उद्या पहिल्या बसने येतो, पण ती सातला पोहोचते. तू सहाला निघू नयेस म्हणून हे पत्र.

दोन आटे सैल कर. चढावर गाडी रांगली तर रांगू दे. तुझा व्हॉल्व्ह माझ्या बॉयलरच्या व्हॉल्व्हसारखा नाही, हे कागदावरून कळलं. माझा उघडायचा दाब वाढला की, तुझा उघडतो पाय उचलला की. तुझा फुटणार नाही. पण उघडला नाही तर पाइप पुन्हा निसटेल.

आता कारण. त्या वर्षी बॉयलरचा व्हॉल्व्ह थोड्या दाबालाच वाफ सोडायचा. यंत्रं मंदावायची, वरून ओरड व्हायची. मी दोन आटे आवळला. दाब चढला, सगळे खूश झाले. माझी पाळी संपली, जोडीदाराची सुरू झाली. त्याला सांगायचं राहिलं. मी बाहेर हात धूत होतो, तेव्हा बॉयलर फुटला.

तो गेला, माझे कान गेले. चौकशीत लिहिलं की स्क्रू त्यानेच आवळला. तसं नाही, हे मी कधी सांगितलं नाही. एकोणतीस वर्षं तुझी काकू नवऱ्याच्या चुकीसाठी माझी माफी मागते आहे. तुझे फ्रॉक तिने त्यापायी शिवले.

तू तेच कारण लिहिलंस, तेवढेच आटे लिहिलेस. मला वाटलं, हिशेब करायला कुणीतरी तुलाच निवडलं.

थांब. निघू नकोस. लोभाचं तू हे वाचल्यावर बघ.

बाबा

(याच पत्राच्या पाठीवर, लेकीच्या अक्षरात)

ता. १५, सकाळ

दोन आटे सैल केले. बाबा सातला आले. पाइपावर तळहात ठेवून उभे राहिले. मी दहा वेळा पाय दाबून उचलला. फडफड नाही, असं त्यांनी मानेने सांगितलं. क्लिप त्यांनी स्वतः बदलली. काकूंकडे निघताना त्यांचा सीटबेल्ट मी लावला. वाटेत दवाखान्यात थांबून, दुपारी येते असं सांगितलं. चढावर गाडी रांगली, पण बंद पडली नाही.

साडेनऊला काकूंच्या दारात पोहोचलो. बाबा एकटेच आत गेले. मी गाडीत बसले आहे. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला आहे.