तुळईवरची नजर

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! विद्यापीठाच्या चाचणी-प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक. बायको म्हणाली, घरातलं डुगडुगणारं टेबल तुमच्याने कधी सरळ झालं नाही, आता पूल तपासा. टेबलाबद्दल तिचं खरंच आहे.

जागा मात्र झकास. गोदामाएवढं उंच दालन आणि मधोमध लोखंडी चौकटीत आडवी पडलेली काँक्रीटची बारा मीटर लांब तुळई. नदीवरच्या नव्या पुलाच्या तुळया ओतल्या, त्याच दिवशी, त्याच मालातून ही एक जादा ओतून घेतली. म्हणजे पुलाची सख्खी बहीणच. यंत्र तिला दिवसभर दाबतं आणि सोडतं. तिच्या पोटाखाली एक भेग आहे, केसाएवढी. दर तासाला ती भिंगातून मोजायची आणि वहीत उजव्या पानावर आकडा लिहायचा. डावं पान कोरंच जातं, म्हणून तिथे ही रोजनिशी. पार्टिशनमागे माझी खाट आहे, खिडकीतून तो पूल दिसतो. पुलापलीकडे दीड तासावर घर. दर रविवारी येईन, असं लेकीला, आमच्या पिटुकलीला, कबूल केलंय. तिने माझ्या करंगळीला करंगळी अडकवून घेतली.

५ तारीख, बुधवार

इथले जुने मिस्त्री बोलायला कंजूष, पण आज खुलले. भेगेची कड दोन माणसांना दोन जागी दिसते, म्हणून एका तुळईला एकच डोळा, असा इथला नियम. ज्याने वाचायला घेतली, त्यानेच ती मोडेपर्यंत वाचायची. मी विचारलं, मग वहीत माझ्याआधी ज्याचे आकडे आहेत, तो वाचक कसा सुटला? तर म्हणाले, तुम्ही तुमच्या हाताने पहिला आकडा लिहिलात ना, तेव्हा. आता बरा आहे तो. झोपही लागते म्हणे.

मी हसलो. मिस्त्री हसले नाहीत. आजचा आकडा ०.१२ मिलिमीटर. कालचाही तोच. सरकारी नोकरीत मुरल्यासारखी निवांत पडून आहे तुळई.

९ तारीख, रविवार

लबाडी केली. दिवसभराचे सगळे आकडे सकाळीच लिहून टाकले, सगळे ०.१२, आणि घरी पळालो. कोण बघतंय? पिटुकलीने माझे केस विंचरून दोन शेंड्या बांधल्या. तशाच शेंड्यांनी जेवलो.

संध्याकाळी परतताना बस पुलाच्या तोंडाशी थांबली. पुलाखाली शिडी लावून दोन माणसं बॅटरीने काहीतरी बघत होती. दालनात येऊन भिंग लावलं. ०.१९.

मिस्त्री म्हणाले, पुलालाही आज भेग सापडली. तिसऱ्या गाळ्याखाली, दोन खांबांच्या मधोमध. किती, ते मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं.

तेवढीच.

११ तारीख, मंगळवार

दोन दिवस भेगेवरच नजर ठेवून बसलोय. मी बघत असलो की भेग हलत नाही. चहाला उठलो की वाढते. अंघोळीला गेलो, वाढली. मॅडमना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगितलं. त्या समजुतीने हसल्या आणि चहा कमी करा म्हणाल्या.

दुपारी यंत्र बंद केलं. प्लगही उपटला. तरीही तुळई लवली. मग सरळ झाली. पुन्हा लवली. खिडकीशी गेलो तर पुलावरून मालाचा ट्रक चालला होता. तो उतरला तशी तुळई सरळ झाली.

माझी पाचावर धारण बसली. पळत येऊन भिंग लावलं. तेवढ्यात ०.२६.

१३ तारीख, गुरुवार

पुलाच्या कार्यालयात फोन केला, वाहतूक थांबवा म्हणालो. साहेब म्हणाले, चाचणीचा अहवाल आणा, लगेच थांबवतो. मॅडमना अहवाल मागितला. त्या म्हणाल्या, तुळई मोडल्याशिवाय अहवाल कसला?

तुळई मोडली तर —

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्री वाहतूक थांबते, तेवढाच डोळा लागतो. पहाटे पहिल्या गाडीला तुळई कुरकुरते, मी उठतो. ०.३१.

१५ तारीख, शनिवार

बायकोला सांगितलं, उद्या जमणार नाही. ती म्हणाली, मग आम्हीच येतो. नको म्हणालो. पूल ओलांडू नका, हात जोडतो, म्हणालो. का, ते नीट सांगता येईना. तिथे काय लपवून ठेवलंय ते बघतेच, म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

दगडाखाली हात सापडलाय. बाहेर जाऊन त्यांना अडवावं, तर इथे कोण बघणार? ०.३४.

१६ तारीख, रविवार

१०.०० — ०.३४. डोळ्यातून पाणी येतंय. पुसत नाही.

१०.२० — मिस्त्रींना खिडकीत उभं केलंय. दोघी घरून नऊला सुटणाऱ्या बसने येणार, ती पुलावर चढली की सांगा म्हणालो. तिसऱ्या गाळ्यावर काय होईल, तेही सांगितलं. काचेला कपाळ टेकून उभे आहेत.

१०.३१ — चढली. तुळई लवतेय. आजवर एवढी लवली नव्हती. बघतोय. पापणी हलू देत नाही. माझी माणसं आहेत गं त्यात, थांब —

१०.३३ — उतरली. ०.३४! तेवढीच! रडलो. मिस्त्रीही डोळे पुसत होते.

१०.५० — दारात आल्या दोघी. उठलो, पिटुकलीला उचललं. संपलं आता, मोडू दे, जाऊ दे सगळं, घरी — मिस्त्री म्हणाले, दुसरी बस चढली. शाळेची सहल आहे.

०.३८. बसलो परत.

११.०० — बायकोला सगळं सांगितलं. भिंगातून मान न काढता. तिला खरं वाटलं नसावं. पण माझे डोळे बघून तिचा राग गेला. डोक्यावरून हात फिरवतेय. ०.३८.

११.२० — मागून गाड्याच गाड्या. रविवार आहे. ०.३८. अक्षर दोन दोन दिसतंय.

११.४० — बायको म्हणते, अहो, जरा पाठ टेका. एक आकडा तर लिहायचा, मी लिहिते. तासाभराने उठवते तुम्हाला. नाही म्हणालो, तिच्या हातचा पहिला आकडा पडला की तुळई तिची. वहीवर कोपर ठेवलंय. मिस्त्री तिच्याकडे बघत नाहीत, माझ्याकडेही नाही.

पिटुकली तिच्या मांडीवर. दोघी भिंगाशी वाकल्यात. किती दिसतोय, म्हणून बायको तिला विचारतेय. सांगू नकोस, पिटुकले, म्हणालो. लिहू नकोस. पेन्सिल माझ्याच हातात आहे, घट्ट आहे, मी सोडणार — झोप — बायकोची बोटं — मी नाही सोड