कालवं फोडायला माणूस पाहिजे

३ मार्च
निर्णय झाला. परदेशी कामगार आणायचे, व्हिएतनामचे. कायदेशीर, रीतसर, परवान्यासकट. शेडमध्ये कालवं फोडणाऱ्या बायका सगळ्या सत्तरीच्या पुढे गेल्यात. तोमिए आजी तर अठ्ठ्याहत्तर. सुरी अजून सपासप चालते, जीभ त्याहून. पुढच्या हंगामाला नवी माणसं नसली तर शेडला कुलूप, आणि समुद्रातले कालवं वाढवायचे तराफे खाडीपलीकडच्या कुरामोतोला विकायचे. त्यापेक्षा मी ते बुडवीन.

बायकोला सांगितलं. साचिए म्हणाली, बरं. म्हणजे फुल सपोर्ट.

४ मार्च
संकल्प. रोज वीस मिनिटं व्हिएतनामी शिकायचं. शेडमध्ये आवाज चढवायचा नाही. (चढवत नाहीच. पंप चालू असतो, त्यावरून बोलावं लागतं.)

५ मार्च
व्हिएतनामी: उद्यापासून.

१६ मार्च
परवान्याचं काम बघणाऱ्या संस्थेचे निशिकुबो साहेब हिरोशिमाच्या बोटीने आले. अटी सांगितल्या. आठ तास काम, वर थांबवलं तर जादा पैसे. आठवड्याची सुट्टी. विमा. भरपगारी रजा. राहायला खोली, आतून कडी लागणारी. मी म्हटलं, एवढंच ना? आम्ही तर माणसाला घरच्यासारखं वागवतो. साहेबांच्या कपात चहा ओतताना साचिएने तो बशीत सांडला. वय झालं तिचंही.

शिकवायला पाच वर्षं अनुभव असलेलं माणूस हवं म्हणाले. मी म्हटलं, हा काय बसलोय. तोमिए आजी फिसकन हसली. म्हणाली, यासुओ, तू शेवटचं कालव फोडलंस तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते. म्हातारीला पाहुण्यांसमोर कुठे काय बोलावं कळत नाही.

शिकवणारी म्हणून साचिएचं नाव दिलं. सगळ्या बेटावर तिच्याइतका हात कुणाचा चालत नाही. मी लग्नानंतर घडवलेली.

९ एप्रिल
कॉम्प्युटरवर पोरींच्या मुलाखती. मी टाय लावून बसलो, शेडचा इतिहास सांगितला, आजोबांपासून. वडिलांपर्यंत पोचलो तेव्हा पलीकडे एकीने जांभई दिली. नेटवर्क खराब असावं. मग साचिए ओल्या ॲप्रननिशी आली आणि कॅमेऱ्यासमोर पाच-सहा कालवं फोडून दाखवली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. हिएन आणि थुई, दोघी तयार. मुलाखत मी फार छान घेतली.

व्हिएतनामी: मुलाखतीत दुभाषी होताच. घाई नाही.

२२ मे
निशिकुबो साहेबांचा फोन. कायदा म्हणतो, तेच काम करणाऱ्या इथल्या माणसाइतका पगार पोरींना मिळाला पाहिजे. तुलनेला कुणाचा तरी पगार दाखवा. मी म्हटलं, दाखवतो की, आमच्या मुख्य फोडणारीचा, साचिएचा. किती देता, विचारलं. म्हटलं, घरचीच आहे, तिला काय द्यायचं?

साहेबांनी तेच पुन्हा विचारलं, मी तेच सांगितलं. मग म्हणाले, मोरिवाकीजी, हे कागदावर लिहू नका. शेवटी तोमिए आजीचा पगार दाखवला. सुटलो.

३० जून
पोरींच्या कराराची जपानी प्रत आली. साचिएने जेवताना वाचायला घेतली. मिसो सूप गार झालं तरी वाचतेय. मधेच विचारलं, भरपगारी रजा म्हणजे माहेरी गेलं तरी पैसे? म्हटलं, हो. ताप आला तर? म्हटलं, विमा. म्हणाली, अस्सं. बायको धंद्यात रस घेतेय, बरं वाटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.

१८ सप्टेंबर
परवाने आले! कुरामोतोच्या शेडवरून मुद्दाम दोनदा होडी नेली. माझी गळांच्या काठ्या ठेवायची खोली रिकामी केली, आतून कडी बसवली. उलटी बसली. साचिएने नीट केली.

२५ सप्टेंबर
साचिए म्हणाली, सोमवारपासून कुरामोतोकडे कामाला जाते. त्याने जाहिरात दिली होती, मी अर्ज केला, घेतलं. पगार बराय. रविवार सुट्टी. तुमचा भात तुम्ही लावा.

विचार केला. बहुतेक त्याच्या शेडमधली माहिती काढायला निघालीये. सांगितलं नाही, पण हुशार बाई.

२९ सप्टेंबर
गेली. माहिती घेऊन संध्याकाळी येईल. भात करपला.

संध्याकाळी आली. माहिती विचारली. म्हणाली, त्यांच्याकडे उभं राहायला रबरी चटई आहे, पाय दुखत नाहीत. एवढंच. आणि पाचच मिनिटांत झोपली.

६ ऑक्टोबर
निशिकुबो साहेब कागद तपासायला आले. शिकवणारी कुठे, विचारलं. तोमिए आजीने खिडकीतून खाडीपलीकडे बोट दाखवलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, शिकवणारं माणूस नसेल तर पोरींना इथे काम देता येणार नाही. दुसरी शेड बघावी लागेल. कुरामोतोंकडे जागा आहे.

आजीला म्हटलं, तुम्ही शिकवा. म्हणाली, मला हा हंगाम उरकायचाय, मग गुडघ्याचं ऑपरेशन. शिकवायला साचिएच हवी.

साहेबांना विचारलं, तिच्यासाठी परवाना वगैरे काही निघतो का, अर्जंट. म्हणाले, इथल्या माणसाला परवाना लागत नाही. तिने हो म्हटलं की झालं.

७ ऑक्टोबर
तिला म्हटलं, पुरे आता, परत ये. तिने मान वर न करता सांगितलं, घरी कामाचं बोलायचं नाही. उद्या दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत कुरामोतोच्या शेडवर या. करार घेऊन या.

रात्री करार लिहिला. पोरींचाच उतरवला. नाव तेवढं बदललं. तिचं पूर्ण नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती, दोनदा खोडावं लागलं. वाईट वाटलं.

८ ऑक्टोबर
टाय लावला. कुरामोतोच्या दारात बाकावर बसलो. तो आतून बघत होता, हसला नाही, हे हसण्याहून वाईट. साचिएने डबा खात खात करार वाचला. रविवार सुट्टी? म्हटलं, आहे. रबरी चटई? म्हटलं, मागवली. ओरडणं? म्हटलं, पंप बदलतो.

मग तिने विचारलं, याआधी तुमच्याकडे या कामावर कोण होतं?

म्हटलं, एक बाई होती. चौतीस वर्षं.

का सोडून गेली?

मी म्हटलं, पगार नव्हता. ती बघतच राहिली. म्हटलं, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं. ती तरीही बघतच राहिली.  मी टाय सैल केला, कुरामोतोसमोर.

घंटा झाली. तिने डबा रुमालात बांधला, करार घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि उठली. म्हणाली, कळवते.